तेलाचा डबा आणि माझी सॅक

रात्री साडेआठला देवबागेतल्या एका घराच्या खळ्यात मी माझी सॅक उलटी केली. घरचे म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, सारवलेल्या जमिनीवर उकिडवे बसले होते. बल्बच्या पिवळ्या उजेडात ते एकेक वस्तू उचलत, डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत. छत्री डावीकडे. जीन्स डावीकडे, दुसरी जीन्सही डावीकडे. टर्किश टॉवेल, दुर्बीण, पाच पेनं, बिस्किटांचे चार पुडे, मुंबईत हौसेने घेतलेले रबरी मासे, स्टीलचा लिटरभराचा थर्मास... डावा ढीग वाढत चालला तशी त्यांच्या मिशीखालची रेघ हलायला लागली.

"बाय, ह्या सगळा कित्याक हाडलंस? येवढा सामान होडयेत घातला तर माशे खंय बसतले?"

उजवीकडे तोवर फक्त एक टोपी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कर्ली नदीच्या मुखाशी गरवायला जाणार होतो. गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासे धरणं म्हणजे गरवणं. मालवणी मुलुखात गरीचा मासा आणि जाळ्याचा मासा यांत जाणकार गिऱ्हाईक फरक करतं. गरीचा मासा एकेकटा वर येतो, इतरांच्या वजनाखाली चेंगरत नाही. हे काम इथे पिढ्यान्पिढ्या पोटासाठी चालत आलं. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईचे, बंगळूरचे हौशी लोक त्यासाठी पैसे मोजून येऊ लागले, आणि तांडेलांच्या पुतण्याने चुलत्यांचं जाळं बाजूला ठेवून नवा धंदा धरला. होडी त्याची, इंजिन त्याचं, दांडे आणि रिळं त्याची, आमिषही त्याचंच. गिऱ्हाइकाने यायचं, बसायचं आणि तो सांगेल तिथे गरी टाकायची.

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला होता ‘सोबत’. प्रवासाला निघताना माणूस बरोबर काय घेतो त्यावर लिहा, पण काशी नको आणि हिमालय नको, असंही बजावलं होतं. मी म्हटलं, गरवायला जाते. कुडाळला उतरून, रिक्षात ही सॅक मांडीवर घेऊन सुमारे 30 किलोमीटर मालवणपर्यंत आणि तिथून पुढे देवबागेपर्यंत येताना मला वाटत होतं, आपली तयारी अगदी चोख आहे.

पाच ओळींचा निरोप

पुतण्याने आठवडाभर आधी फोनवर यादी पाठवली होती. पाचच ओळी. पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट. दोरीची टोपी. जुने बूट. माणशी तीन लिटर पाणी. रात्री लवकर झोपा.

मला ती अपुरी वाटली. म्हणून मी मनाने भर घातली, आणि ती सगळी आता डावीकडे पडली होती.

"मॅडम, लोक मासे पकडायचं सामान आणतात," पुतण्या म्हणाला. "ते माझ्याकडे आहेच. स्वतःला टिकवायचं सामान मात्र कोणी आणत नाही. गेल्या महिन्यात एक जण चाळीस हजारांचं रीळ घेऊन आला, टोपी नव्हती. दहा वाजता माझी टोपी त्याला दिली."

शर्टाचं कारण ऐकल्यावर सोपं वाटतं. पाण्यावर ऊन दोनदा लागतं, एकदा वरून आणि एकदा पाण्यावरून उलटून. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानाच्या पाळीखाली, म्हणजे जमिनीवर जिथे सावली असते तिथे, होडीत कातडी भाजते. सुती कपडा भिजला की वाळता वाळत नाही आणि खाऱ्या पाण्याने अंगाला घासत राहतो. जीन्स तर खारट ओली झाली की मांड्यांना काचते. दुपारी चालायची पंचाईत. पातळ पॉलिस्टरचा, क्रिकेटवाले घालतात तसा शर्ट दहा मिनिटांत वाळतो. मी एरवी सुती कपड्यांचा कैवार घेणारी बाई, पण इथे हरले.

बुटांमागे कालवं आहेत. खाडीच्या मुखाजवळच्या खडकांना कालवांची शिंपलं अशी चिकटलेली असतात की पाय टेकला की पात्यासारखी चिरतात. चप्पल तिथे निसटते. होडीत मात्र अनवाणी बसायचं. तळ ओला असतो, आणि बुटाच्या खाचेत अडकून आलेली वाळू रिळाच्या दातऱ्यांत जाते.

गॉगलचा उल्लेख यादीत नव्हता, पण माझा गॉगल उजव्या ढिगात गेला, कारण तो पोलरॉइड काचेचा निघाला. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड बहुतांशी आडव्या दिशेने कंप पावतो. ही काच नेमकी ती आडवी तिरीप अडवते, आणि पाण्यावरची चकाकी निघून जाऊन खालचा खडक दिसायला लागतो. तांडेलांनी आयुष्यात असा चष्मा घातलेला नाही. गॉगल डोळ्यांना लावून ते अंधारात आकाशाकडे बघून आले आणि म्हणाले, "काय एक दिसणा नाय." काही दिसत नाही, हे त्यांचं मत झालं. पुतण्याने गॉगलच्या दोन्ही काड्यांना तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, बांधून दिलं, म्हणजे पाण्यात पडला तरी गळ्यात राहील.

तिथीची पाऊणपट

होडी किती वाजता निघणार हे मी विचारलं तेव्हा तांडेलांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या वद्य द्वादशी.

कोकणात हे गणित शाळेआधी शिकवलं जात असावं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. बारा पाऊणे नऊ, म्हणजे द्वादशीला नऊच्या सुमारास भरती भरणार. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अवसेला सव्वाअकरा ते बाराच्या मध्ये कुठेतरी. अलिबागचा कुलाबा किल्ला पायी बघायला जाणारेही हाच हिशेब घालून ओहोटीची वेळ काढतात. मात्र हे मुंबईकडचं गणित. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे इकडे ती तासभर आधी लागते. म्हणजे आठ. पाणी चढायला लागेल तेव्हा बारके मासे खाडीत शिरतील आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारी तांबोशी येईल, म्हणून निघायचं पाचला.

यात सामानाचा काय संबंध? तोच तर सगळा संबंध आहे. पाचला निघायचं तर अंधारात चढायचं, म्हणून हातात धरायची विजेरी नको, कपाळाला बांधायची हवी. आठला भरती भरली की अर्धा तास पाणी नुसतं उभं राहतं आणि मासाही ढिम्म होतो. न्याहारी तेव्हा, म्हणून खाणं असं की ओल्या हाताने, एका हाताने आणि न सांडता खाता येईल. भाकरीत चटणी गुंडाळून न्यावी. पोह्यांचा डबा इथे कामाचा नाही. अकरापर्यंत ऊन चढतं आणि वारा सुटतो, म्हणून पाणी दुपारपर्यंत पुरेल इतकं. एप्रिलच्या अखेरीला आमसुलाचं सरबत मीठ घालून नेलेलं बरं.

आणि ही सगळी यादी वर्षातून दोन महिने निरुपयोगी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासे विणीला आलेले असतात आणि दर्याही खवळलेला असतो. पुतण्या तेव्हा रिळं उघडून त्यांना तेल देतो.

पुण्याचा नळ

आमच्याबरोबर पुण्याचा एक तरुण होता. त्याच्याकडे पाच फुटी पीव्हीसीचा पाइप होता, प्लंबरकडून आणलेला, दोन्ही टोकांना टोपणं लावलेला. त्यात दोन जोडांचे दोन दांडे. रेल्वेतून दांडा न मोडता न्यायचा हा मला दिसलेला सर्वांत स्वस्त आणि पक्का उपाय. बाकी त्याचं सामान मात्र एका छोट्या दुकानाएवढं होतं. त्याला महसीर धरायचा नाद, आणि तो पुण्याचा असल्याचा त्याला यातही अभिमान.

हा अभिमान थोडा रास्तही होता. दख्खनच्या महसीरला शास्त्रात ‘टोर खुद्री’ म्हणतात. कर्नल साईक्सने 1839 साली त्याचं वर्णन लिहिलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला मासा बघून. आज त्या पाण्यात महसीर म्हटलं तर लोक हसतील. पुढे टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला या माशाची बीजपैदास केली आणि पिल्लं देशभरच्या नद्यांत सोडली. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले मासे आजही कोणी धरत नाही. तिथे न्यायचे ते फक्त कुरमुरे.

गाईड घेऊन गरवायला जाण्याची हौस हिंदुस्थानात साहेबाने रुजवली. मद्रासच्या मुलकी सेवेतल्या एच. एस. थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली निघालं, आणि त्यानंतर महसीर म्हणजे साहेबांचा ध्यास झाला. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने 1946 मध्ये काबिनी नदीत 120 पौंडांचा महसीर काढला. अलीकडेपर्यंत कावेरीकाठी भीमेश्वरी, गालिबोरे इथे हौशी लोकांसाठी तळ होते. तिथल्या स्थानिक गाईडला गिल्ली म्हणत, हा शब्द थेट स्कॉटलंडहून आलेला. नाचणीच्या पिठाचे गोळे आमिष म्हणून, आणि बसायला गोल परडीसारखी होडी. अभयारण्यातलं गरवणं कायद्याच्या कचाट्यात आलं आणि तळ बंद पडले. त्यातल्या काही गिल्लींना कावेरीचा एकेक खडक तोंडपाठ होता.

तरुण हे सगळं सांगत असताना तांडेल आपला डबा भरत होते. खाद्यतेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, एक कूस कापून काढलेली, मूठ शाबूत. त्यात लाकडाच्या फळीला गुंडाळलेलं तंगूस, थर्माकोलच्या तुकड्यात टोचलेल्या गऱ्या, शिशाचे चार तुकडे, गरीला धार लावायला सहाणेचा कपचा, सुरी, विडीकाडी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, आणि सायकलच्या ट्यूबचे कापलेले दोन छल्ले. हे छल्ले बोटात घालायचे. मोठा मासा धावला की तंगूस बोट कापत जातं, रबर ते झेलतं. पाण्यात पडला तर डबा तरंगतो. होडीत पाणी आलं तर सामान ओतून त्यानेच उपसता येतं.

माझ्या सॅकला अठरा कप्पे होते.

बोट लागली

समुद्रावर पोटात ढवळायला लागलं की आपण ‘बोट लागली’ म्हणतो. घाटात एसटी लागते, समुद्रात बोट. ती लागू नये म्हणून लोक उपाशीपोटी निघतात, ही चूक. पोट रिकामं असलं की जास्त ढवळतं. तांडेलांच्या घरी पावणेपाचला उकड्या तांदळाची पेज मिळाली, बरोबर मिठातली कैरी. ज्यांना हमखास लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, पण निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीबरोबरच बाहेर येते. त्या गोळ्यांनी झोप येते हेही लक्षात ठेवावं. मी खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवल्या होत्या. इतरांनी हसून हसून शेवटी त्याच मागितल्या.

सगळ्यांत आधी बोट लागली ती पुण्याच्या तरुणाला. पेज नको म्हणाला होता. शिवाय खाली मान घालून बारीक गाठ मारत बसला होता. पुतण्याने त्याला नुसतं क्षितिजाकडे बघायला लावलं, आणि त्याचा तो दुकानाएवढा डबा दोन तास बंद राहिला.

बायकांनी विचारायचा आणि सहसा न विचारला जाणारा प्रश्न म्हणजे सहा तास होडीत बसायचं तर जायचं कुठे. पुतण्याच्या पाच ओळींत याचं उत्तर नव्हतं, आणि त्याला विचारायला मलाही जरा जड गेलं. त्याच्या काकूंना विचारलं. त्यांनी एक जुनी सुती साडी दिली. आठला होडी पलीकडे भोगव्याच्या किनाऱ्याला लावायला सांगायची, साडीचा आडोसा करायचा. "आनी पानी पिऊक कमी करू नको गो," त्या म्हणाल्या. "बायका थंयच मरतत." पाणी न पिता उन्हात बसून चक्कर आलेल्या दोन पाहुण्या त्यांनी पाहिल्या होत्या. ही साडी पुढे टॉवेल झाली, डोक्यावरची सावली झाली, आणि मासा धरायचं फडकंही झाली.

सुगंधी लोशन डावीकडे का पडलं तेही पाण्यावर कळलं. उन्हाचं मलम घरीच लावायचं आणि हात राखेने नाहीतर वाळूने घासून धुवायचे, कारण त्याचा वास आमिषाला लागतो. सुंगटं, म्हणजे कोळंबी, जिवंत असेल तर ती गरीला लावणारे हात स्वच्छ हवेत. मच्छर पळवणाऱ्या काही मलमांतलं औषध तर प्लास्टिक विरघळवतं. पुतण्याच्या एका रिळाच्या मुठीवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे कायमचे उमटलेले त्याने मला दाखवले.

शिंप्याची टेप

चढत्या पाण्यात पहिली तांबोशी तांडेलांना लागली, दांडा नाही, रीळ नाही, नुसतं तंगूस हातात. पूर्वेला अजून द्वादशीची बारीक कोर होती. मासा खडकाकडे धावला तसं त्यांनी तंगूस ढिलं सोडलं नाही, दोन्ही हातांनी झपाझप आत घेतलं. तांबोशी एकदा खडकाच्या कपारीत शिरली की संपलं.

पुतण्याने खिशातून शिंप्याची टेप काढून मासा मोजला. बारका असला की तो परत सोडतो. सोडायचा मासा कोरड्या हाताने धरायचा नाही, अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि मासा पुढे सडतो. हात किंवा फडकं आधी पाण्यात बुडवायचं, मासा आडवा धरायचा, पोटाखाली आधार द्यायचा. गरीच्या टोकामागचा उलटा काटा तो आधीच पक्कडीने चेपून ठेवतो, म्हणजे गरी पटकन सुटते. माशाच्या तोंडातून आणि माणसाच्या बोटातूनही. म्हणून लांब नाकाची पक्कड हे हत्यार त्याच्या कमरेलाच असतं.

महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान नको. पापलेट गरीला क्वचितच लागतं, तेव्हा हा नियम खरा जाळ्यांसाठी. पण टेप खिशात ठेवायची सवय पुतण्याने तिथून घेतली. आणखी एक बंधन तो नकाशावर पाळतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा त्याचा गाभा मासेमारीला बंद. पाहुणे हटकून म्हणतात, किल्ल्याच्या खडकांपाशी न्या ना, तिथे मोठे असतील. असतीलच. तो नेत नाही.

डावीकडचा थर्मास

आठला पाणी उभं राहिलं. भोगव्याला जाऊन, भाकरी खाऊन आम्ही परत आलो, आणि माझ्या गरीला पहिल्यांदा काहीतरी जड लागलं. वर आला तो शिंगाळा, मिशाळ, करड्या पाठीचा. मी आनंदाने ओरडले आणि हात घातला. "हात लावू नको!" हे तांडेलांचे शब्द ऐकू आले तोवर काटा तर्जनीत गेला होता.

शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे, करवतीसारख्या दात्यांचे, आणि त्यांवर विषारी लस. दुखणं बोटात थांबत नाही. मनगट, कोपर, खांदा असं चढत जातं. मी बाई शहाणी, दोन बाळंतपणं झालेली, पण डोळ्यांत पाणी आलं.

पुतण्याने बाकाखालून माझा थर्मास काढला. रात्री डावीकडच्या ढिगात टाकलेला तो त्याने पहाटे न बोलता होडीत आणून ठेवला होता. मी थर्मासात चहा भरत नाही, नुसतं उकळतं पाणी भरते आणि चहाच्या पुड्या वेगळ्या ठेवते. ही माझी घरी थट्टेचा विषय झालेली खोड. त्याने पाणी उपसायच्या डबड्यात ते ओतलं, समुद्राचं थोडं मिसळलं, आधी माझा दुसरा हात त्यात बुडवून पाहिला. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, भाजून निघतो, म्हणून. सोसेल तितकं गरम पाणी आणि त्यात बोट. या माशाचं विष उष्णतेने मोडतं, पाकटाचंही तसंच. एका गिऱ्हाइकाला पाकटाची नांगी लागली तेव्हा होडीत एक डॉक्टर होते, त्यांनी त्याला हे शिकवलं होतं. अर्धा तास पाणी बदलत बदलत मी बसले. कळ उतरत गेली, आधी खांद्यातून, मग कोपरातून. काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, हे पक्कडीने आणि नंतर मालवणच्या दवाखान्यात बघून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं.

तांडेल एवढा वेळ गप्प होते. त्यांच्या काळी घरी येऊन चुलीजवळ हात शेकत. घरी पोचेपर्यंत दोन तास कळ सोसायची.

अकराला होडी वाळूवर ओढली. पुतण्या रिळं गोड्या पाण्याखाली धरत होता, ब्रेक घट्ट आवळून, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. मिठाचा थर राहिला तर पुढच्या वेळी रीळ करकरतं. पुण्याचा तरुण पाइपमध्ये न वापरलेला दांडा परत सरकवत होता. मी ओल्या साडीची घडी घालून काकूंना द्यायला गेले, परत आले तर तांडेल माझा थर्मास आपल्या तेलाच्या डब्यात उभा, आडवा, तिरपा घालून बघत होते. कुठूनही तो मावेना.

"कितक्याक गावता ह्यो?" त्यांनी विचारलं.

ठेवून घ्या म्हटलं. त्यांनी फळीवरचं हातभर तंगूस तोडलं आणि थर्मास डब्याच्या मुठीला बाहेरून बांधून टाकला.